डबल बेल

जेवण झालं, हात धुतला, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि पिसाळ मास्तर कॉटवर डाव्या कुशीला आडवे झाले आहेत. भाद्रपदातलं ऊन खिडकीच्या गजांतून त्यांच्या पायांवर पडलंय. वर पंखा खडखडतोय. आत शालनबाई भांडी पालथी घालतायत. तो आवाज आधी स्वयंपाकघरातून येतो, मग शेजारच्या घरातून आल्यासारखा, मग पार गल्लीच्या टोकाहून. पंख्याची खडखड मात्र दूर जात नाही. ती खाली उतरते, कॉटच्या पायांत शिरते आणि कॉट बारीक थरथरायला लागते. इंजिन सुरू झालं, हे मास्तरांना डोळे मिटल्या मिटल्या कळतं.

पूर्वी या घटकेला ते दचकून उठून बसायचे. तोंडावर पाणी मारायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे, पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे. दुपारी झोपायचं नाही अशी शपथ त्यांनी इतक्यांदा घेतली की शेवटी शपथ घेता घेताच डोळा लागायचा. रात्री म्हणाल तर माणूस ढाराढूर झोपतो, घोरतो, सकाळी सहाला उठतो. छळ होतो तो दुपारच्या डुलकीतच, कारण जे घडलं ते भर दुपारी घडलं. आज मात्र ते उठत नाहीत. उलट उशी सारखी करतात आणि इंजिनाच्या लयीत अंग सैल सोडतात. अकरा दिवस झाले, स्वप्न शहाण्यासारखं वागतंय.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या भागात गाडीच्या कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. ज्योतिराम पिसाळांनी एकतीस वर्षं खांद्याला कातडी पिशवी अडकवून तिकिटं फाडली. त्यातली नऊ वर्षं त्यांच्या पुढ्यात स्टेअरिंगवर केरबा सुतार होता. दोघांचा डबा एक, मुक्कामाची सतरंजी एक. गाडीत ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. त्याला रस्ता दिसतो आणि घंटी ऐकू येते. मास्तरांनी दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. सिंगल बेल आणि डबल बेल, एवढ्या दोन शब्दांवर त्या दोघांनी नऊ वर्षं हजारो माणसं घरी पोचवली.

फाट्यावर उतरणाऱ्यानं खाली पाय ठेवला की मागं वळून दार आपटून लावायचं, ही तिकडची रीतच. कुणी शिकवलेली नाही, पण चुकवलेलीही नाही. मास्तरांनी त्या आवाजालाच आपली खूण करून टाकली होती. दार वाजलं की डोकं वर काढायचं नाही, वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, लिहिणारा उजवा हात थांबवायचा नाही, डावा हात वर न्यायचा आणि दोरी दोनदा. वाकून मागं बघायचं असा नियम होता, पण नियम नवीन माणसांसाठी असतात असं मास्तर मानायचे. एकोणीस वर्षांपूर्वी धामणटेक फाट्यावर अनसाबाई नावाची म्हातारी उतरली. लेकीकडे निघाली होती, हातात बोचकं होतं. तिनं रीतीप्रमाणे दार आपटलं. दार नीट लागलं, पण तिचा पदर आत राहिला.

मास्तरांनी दोरी ओढली, दोनदा. केरबानं गाडी सोडली. पुढचं सांगण्यासारखं नाही. ते स्वप्नातही कधी दिसत नाही.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, बेल दिली होती का? मास्तर आजही शपथेवर सांगतील, आणि ही शपथ तेवढी खरी असेल, की काय बोलायचं ते त्यांनी घरून ठरवून नेलं नव्हतं. पण मुलगा बारावीला होता, घरावर पत्रे चढायचे होते, समोर साहेबाचा पेन टेकलेला होता. तोंडातून निघून गेलं, नाही साहेब. एकदा नाही म्हटलं की पुढचे दहा नाही मेंढरांसारखे मागोमाग येतात. मग केरबाला विचारलं. तो म्हणाला, मला डबल ऐकू आली. साहेब म्हणाले, ऐकू आली की वाटली? केरबानं मास्तरांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मास्तर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. शेवटी केरबा म्हणाला, "मास्तर न्हाई म्हंत्यात म्हंजी नसंल दिली. मला वाटली असंल."

म्हणजे केरबाला कुणी खोटं पाडलं नाही. त्यानं आपणहून आपल्या कानांना खोटं पाडलं, कारण कानांपेक्षा त्याचा मास्तरांवर जास्त भरवसा होता. नोकरी गेली. चार वर्षांनी तो कावीळ होऊन गेला. दहाव्याला मास्तर शालनबाईंना घेऊन नदीवर गेले तेव्हा त्याची बायको तानूबाई मास्तरांच्या पाया पडली आणि हात जोडून उभी राहिली. म्हणाली, तुम्ही खरं तेच बोललात, तुमच्यावर आमचा राग नाही. माणूस चुकला आमचा. मग तिनं सांगितलं की शेवटी शेवटी तो घरात भांडं वाजलं तरी उठून बसायचा आणि विचारायचा, बेल कुणी दिली? दरसाल सर्वपित्री अमावास्येला ती धामणटेक फाट्यावर जाते, अनसाबाईच्या नावानं पान वाढून ठेवते आणि नवऱ्याच्या वतीनं माफी मागते, हेही तिनंच सांगितलं. ना अनसाबाई नात्याची, ना गोताची. मास्तरांनी मान हलवली, दोन शब्द समजुतीचे बोलले आणि दहाव्याचं जेवण जेवून आले.

स्वप्न तसं एवढंसंच. रिकामी गाडी, टळटळीत ऊन, फाटा. पुढं बसलेला केरबा स्टेअरिंगवरचा हात न काढता मान मागं वळवतो आणि विचारतो, "मास्तर, दिली का?" मास्तर उत्तराला तोंड उघडतात आणि घामानं निथळत जागे होतात. कधी आठवड्यातून एकदा, कधी रोज. केरबा जिवंत होता तेव्हाच सुरू झालं होतं, तो मेल्यावर वाढलं.

उपाय कमी झाले नाहीत. शालनबाईंनी देवाचा अंगारा लावला. मेव्हण्यानं उशाखाली अडकित्ता ठेवायला सांगितला, लोखंड बघून म्हणे वाईट काही जवळ येत नाही. केरबा जन्मभर लोखंडच हाकत आला होता, तो अडकित्त्याला काय भिणार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी स्वप्न गेलं नाही, फक्त उठल्यावर तोंडाला कोरड यायची. शेवटी सून केतकी दिवाळीला आली तेव्हा तिनं सासऱ्यांना दुपारी ओरडत उठताना पाहिलं. पोरगी हट्टी. वर्षभर मागं लागून यंदा गणपती झाल्या झाल्या तिनं त्यांना शहरात इनामदार मॅडमकडे नेलं.

इनामदार मॅडम मनाच्या डॉक्टर. वय फार नाही, पण ऐकून घ्यायची हातोटी अशी की समोरच्यानं सगळं ओकून टाकावं. मास्तरांनी सगळं सांगितलं, फक्त थोडं फिरवून. माझ्या ड्रायव्हरच्या हातून अपघात झाला, मी डोळ्यांनी पाहिला, त्याची धास्ती बसली. मॅडमनी समजावून सांगितलं की तेच ते स्वप्न पडतं तेव्हा मन एका जागी अडकलेलं असतं, आणि त्याला ढकलून पुढं न्यायची एक रीत आहे. जागेपणी वही घ्यायची, स्वप्न लिहायचं, पण शेवट आपल्याला हवा तसा करायचा. रोज झोपायच्या आधी दहा मिनिटं तो डोळ्यांपुढं आणायचा. "स्वप्न तुमचंच आहे ना, आजोबा," त्या म्हणाल्या, "मग शेवट बदलायचा हक्कही तुमचाच."

मास्तरांना हे एकदम पटलं. शेवट बदलायचा त्यांना सराव होता.

त्यांनी शंभर पानी वही आणली आणि जबाब लिहावा तसं लिहिलं. सदर बाई उतरल्यावर दाराचा आवाज झाला. मी खिडकीतून वाकून पाहिले असता पदर अडकल्याचे दिसले. मी सदर बाईस सूचना दिली. पदर सुटल्याची खात्री करून मी डबल बेल दिली. नंतर स्टँडवर आम्ही चहा घेतला व ड्रायव्हर म्हणाला की, मास्तर, तू होतास म्हणून वाचलो. रोज जेवणावर बडीशेप खाऊन त्यांनी हे वाचलं, आणि चौथ्या दिवशी स्वप्न खरंच वहीबरहुकूम पडलं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी केतकीला फोन करून सांगितलं. ती फोनवर रडली. मास्तरही थोडे गहिवरले, आणि आपण किती सोसलं याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. तेव्हापासून अकरा दुपारी त्यांनी केरबाबरोबर चहा घेतला आहे.

तर इंजिन सुरू आहे.

मास्तर आपल्या सीटवर बसलेत, मांडीवर वेबिल आहे. खिडकीतून शेतं जातात, मग त्यांच्याच घरामागचं कपडे वाळत घातलेलं अंगण जातं, मग पुन्हा शेतं. त्याचं त्यांना नवल वाटत नाही. फाटा येतो. अनसाबाई बोचकं घेऊन उतरते, वळते, दार आपटते. मास्तर वहीत लिहिल्याप्रमाणे उठतात, खिडकीतून वाकतात आणि म्हणतात, बाई, पदर. ती हसून पदर सोडवते. मास्तर दोरी ओढतात. टिंग, टिंग.

गाडी हलत नाही. ते पुन्हा ओढतात. इंजिन धापा टाकून थांबतं. थांबत नाही, कुणीतरी बंद करतं. केबिनचं दार वाजतं, बाहेर खडीवर वहाणांचा आवाज होतो, आणि केरबा मागच्या दारानं आत चढतो. मेलेल्या माणसासारखा तो दिसत नाही. एका दिवसाची दाढी वाढलीय, खाकी सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय. तो मास्तरांसमोरच्या सीटवर बसतो. नऊ वर्षांत तो पॅसेंजरच्या सीटवर कधी बसला नव्हता.

"हे कुणी लिवलं?" तो विचारतो.

"काय?"

"हेच. पदर सुटला, हसली, च्या प्यालो. अकरा दिस झालं, मुकाट च्या पितोय मी. आन् 'तू हुतास म्हणून वाचलो' हे मी कवा म्हटलं?"

मास्तर सांगायला जातात की डॉक्टर मॅडमनी सांगितलं, मनाला बरं असतं. मॅडमला काय सांगितलंस, असं केरबा विचारतो. ते सांगण्यासारखं नसतं. मास्तर खिडकीबाहेर बघतात तर खिडकीबाहेर भिंत आहे, खालून हिरव्या रंगानं रंगवलेली, आणि सीटच्या जागी लाकडी बाकडं आहे. समोर साहेबांचं टेबल. खुर्ची रिकामी, तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला. पेपरवेट आहे त्याच जागी आहे. मास्तर सवयीनं त्याच्याकडे बघायला लागतात.

केरबा हात लांब करून पेपरवेट उचलतो आणि खिशात टाकतो.

"आता साहेब न्हाई," तो म्हणतो, "पेन न्हाई, सही न्हाई. मीच इचारतोय. दिली हुतीस का?"

इथं जाग येते. नेहमी इथंच येते. मास्तर तोंड उघडून वाट बघतात. उठल्यावर तांब्यातलं पाणी पिऊ, असंही त्यांच्या मनात येतं. जाग येत नाही. पंखा कुठंतरी खडखडतोय, पण तो या खोलीत नाही. केरबा घाई करत नाही. फाट्यावर डबल बेलची वाट बघत बसायचा तसा तो बसून राहतो, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बघत. त्याचं असं वाट बघणं मास्तरांना एकाएकी सहन होत नाही.

"दिली," मास्तर म्हणतात. "दोनदा ओढली. वाकून बघितलं नाही."

केरबा दोन्ही तळहात कानांवर दाबतो. मग सोडतो. पुन्हा दाबतो, पुन्हा सोडतो, नळाला पाणी आलंय का बघावं तसा. त्याच्या तोंडावर राग येईल म्हणून मास्तर अंग चोरून बसलेत, पण राग येत नाही. जे येतं ते त्याहून वाईट असतं. त्याला बरं वाटतं.

"मग कान शाबूत हुतं माझं," तो म्हणतो. "चार वरसं, मास्तर. भांडं पडलं तरी मला बेल वाटायची. डाक्टरनं कान धुतलं. तानू म्हनायची, येड्यावानी करू नगासा. मला वाटायचं, कानानंच बाईचा जीव घेतला. कान कापून टाकावं म्हनून एकदा इळा घेतला हुता हातात."

मास्तर डोकं हातांत धरतात. ते रडतात. स्वप्नातलं रडणं सोपं असतं, ते भरपूर रडतात. माफ कर केरबा, म्हणतात. पोराकडं बघून बोललो, भ्यालो, माफ कर.

केरबा त्यांच्याकडे असा बघतो की रडणं आपोआप आटतं.

"माफी घिऊन काय करणार तू? झोपशील," तो म्हणतो. "आन् मला ती दिऊन काय? मी मेलोय. मला कळून उपेग न्हाई. तिला सांग."

कुणाला, हे विचारायची गरज पडत नाही. केरबा उठून दार उघडतो आणि दाराबाहेर कचेरीचा व्हरांडा नाही, धामणटेक फाटा आहे. ऊन तसंच. डांबर पायाला चटके देतंय, मास्तर अनवाणी आहेत. रस्त्याच्या कडेला दगडावर केरबा टेकतो, कमरेची चंची सोडतो, तंबाखू तळहातावर घेतो, वर नखानं चुना लावतो आणि मळायला बसतो. बराच वेळ मळतो. दोन थापट्या मारून धूळ झाडतो आणि चिमूट मास्तरांपुढे धरतो.

"मी खात नाही," मास्तर म्हणतात.

"ठाव हाय. धर."

मास्तर तोंड मिटून घेतात. केरबा त्यांची हनुवटी धरतो, खालचा ओठ ओढतो आणि चिमूट आत दाबून बसवतो. त्याची बोटं गार आहेत. चुना लागतो तिथं आग होते. तोंडात पाणी सुटतं, कडू, आणि वाढत जातं.

"हे तोंडात धरून गप बसता येत न्हाई मास्तर," केरबा सांगतो. "एक तर थुकायचं आन् बोलायचं, न्हाईतर गिळायचं. ज्येनं त्येनं ठरवायचं असतं आपलं आपुन. ती बघ आली."

रस्त्यानं तानूबाई येतेय. डोक्यावर पदर, हातात ताट, ताटावर केळीचं पान झाकलेलं. चालताना कंबरेत वाकते, वय झालंय. ती फाट्याच्या खांबाशी बसते, जागा हातानं झाडते, पान मांडते. भात, आमटी, वडा, गवारीची भाजी. पाणी फिरवते. आणि मग कुणी समोर असल्यासारखे हात जोडून म्हणायला लागते की बाई, आमच्या माणसाला पदरात घे, त्याच्या हातून झालं, त्यानं बेल नसताना गाडी सोडली. दरसाल म्हणत असणार. शब्द घासून गुळगुळीत झालेत. केरबा चार हातांवर दगडावर बसलाय, पण तिला तो दिसत नाही. तो तिच्याकडे बघत नाही, मास्तरांकडे बघतो.

मास्तर पुढं होतात. तोंड भरलंय. आता थुंकायचं आणि दोन वाक्यं बोलायची, बेल मी दिली, केरबा चुकला नाही. इतकंच. केरबाला सांगितलं तसंच. त्यांना वाटतं, जमेल.

तानूबाई मान वर करून बघते आणि तिचा चेहरा उजळतो.

"मास्तर, तुमी?" ती म्हणते. "आमच्या माणसाच्या चुकीसाठी तुमी बी आलासा? लई मोठं मन तुमचं."

आणि तिच्या डोळ्यांत ते जे काही असतं, आदर म्हणा, माया म्हणा, एकोणीस वर्षं जपलेला भरवसा म्हणा, ते बघून मास्तर मान डोलावतात. डोलावतात, आणि गिळतात.

केरबा दगडावरून उठतो, चंची कमरेला खोवतो, आणि ओकारी दाबत मास्तर जागे होतात.

पंखा खडखडतोय. उन्हाचा पट्टा पायांवरून जमिनीवर गेलाय. मास्तरांना जोराचा उमासा येतो, ते कॉटच्या काठाला धरून वाकतात, पण बाहेर काही पडत नाही. तोंड कडू झालंय आणि खालच्या ओठाला कुणी निखारा लावल्यासारखी आग होतेय. मान वर करतात तर शालनबाई समोर स्टुलावर बसल्या आहेत. मांडीवर गवारीच्या शेंगांची परात आहे, पण हात थांबलेत. किती वेळ बसल्यात कोण जाणे.

"आज 'दिली' म्हणालात," शालनबाई म्हणतात.

मास्तर तांब्या तोंडाला लावतात. पाणी ओठाला झोंबतं.

"काय दिली?"

"तेच. एरवी नुसतं 'नाही साहेब, नाही साहेब' चालतं तुमचं. एकोणीस वर्षं ऐकतीय. आज पहिल्यांदाच म्हणालात, दिली, दोनदा ओढली."

मास्तर तांब्या खाली ठेवतात. तुला ठाऊक होतं, असं ते विचारतात, म्हणजे विचारू बघतात. शालनबाई एक शेंग मोडतात, शिरा ओढून काढतात.

"खरं बोललेला माणूस झोपेत कशाला नाही नाही म्हणंल? पहिल्याच वर्षी कळलं मला."

"मग बोलली नाहीस ती."

"तुम्ही जागेपणी एकदा जरी बोलला असता, तर मी बी बोलले असते," त्या म्हणतात. "पोर बारावीला होतं, मला काय ते कळत नव्हतं? मी बी खाल्लंच की त्या पगाराचं. म्हणून गप बसले. पण दहाव्याला तानूबाई तुमच्या पाया पडली हो. तुम्ही तिला पाया पडू दिलंत. त्या दिवशी मला तुमची शिसारी आली होती."

हे इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या. मास्तरांना राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडत नाही. वही खिडकीत आहे, त्यात सगळं नीट लिहिलेलं आहे, तरी त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नाही. शालनबाई परात खाली ठेवतात, उठतात, आणि खुंटीवरचा पांढरा सदरा काढून कॉटवर टाकतात.

"परवा सर्वपित्री," त्या म्हणतात. "ती बाई परत उन्हातान्हात फाट्यावर जाईल आणि नवऱ्याच्या नावानं माफी मागंल. वय झालंय तिचं. अजून किती वर्षं येतील, दोन, चार? मरायच्या आधी तिला तेवढं कळू दे, की आपला माणूस खुनी नव्हता. तिच्या गावाला आज चारची गाडी आहे. मी येते बरोबर. तुमच्याच्यानं नाही झालं तर नुसतं शेजारी बसते, पण तुम्हीच सांगायचं."

मास्तर सदऱ्याकडे बघतात. इस्त्री केलेला आहे, म्हणजे शालनबाईंनी सकाळीच करून ठेवला असणार. तानूबाईच्या घराचं दार, तिची वाकलेली कंबर, लई मोठं मन तुमचं. ते एक बाही हातात घेतात, चाचपतात. बटणं सगळी आहेत. आज अंग कसंतरीच होतंय, ते म्हणतात. पोटात ढवळतंय. अमावास्या परवा आहे, आजच गेलं पाहिजे असं थोडंच आहे. "उद्या जातो," ते म्हणतात. "उद्या सकाळी उठून जातो, नक्की."

शालनबाई त्यांच्या हातातली बाही सोडवून घेतात. मग सदऱ्याची घडी घालून तो परत खुंटीला लावतात आणि परात उचलतात.

"उद्या दुपारी केरबा भावजी येतील ना," दारातून त्या म्हणतात, "त्यांनाच सांगा तसं."

त्या आत गेल्या. स्टोव्हवर आधण ठेवल्याचा आवाज आला, आणि कप एकच मांडल्याचा. मास्तर बसून राहिलेत. ओठाची आग कमी होईना म्हणून ते बोट लावून बघतात. ओठाच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटली आहे, आणि बोटाला काहीतरी पांढरं, ओलसर लागलंय. ते उजेडात धरून बघतात. चुना आहे. या घरात तंबाखू कुणीच खात नाही.